मताचा हक्क बायकांना आयता मिळाला नाही

‘भारतीय स्त्रियांना मताधिकार न मागता, घटनेबरोबर आयताच मिळाला,’ हा मजकूर कोल्हापुरातल्या ग्रुपांवर वरचेवर फिरतो. यातलं एवढंच खरं, की सर्व प्रौढांना मत राज्यघटनेनं दिलं.

पण मागणी त्याआधीची. डिसेंबर १९१७ मध्ये स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्र्यांना, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांना भेटलं. ब्रिटिशांच्या १९१९ च्या भारत सरकार कायद्यानं स्त्रियांच्या मताचा निर्णय प्रांतांवर सोडला आणि १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात स्त्रियांना मत मिळालं, तेही मालमत्तेच्या अटीवर. म्हणजे शेतमजुरीवर जगणारी बाई बाहेरच राहिली, ही बोच विसरू नये.

आता आपल्याकडचं. इलाख्याचा कायदा सातारा, बेळगाव जिल्ह्यांना लागू होता, कोल्हापूरला नाही. हे संस्थान होतं, १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यामुळे इथल्या आजीच्या आठवणीत ‘पहिलं मत १९५२’ असणं साहजिक आहे. समज बहुधा तिथूनच पक्का होतो.

पडताळायचं तर १९३५ च्या भारत सरकार कायद्याचं सहावं परिशिष्ट उघडा. स्त्री मतदारांच्या वेगळ्या पात्रता, नवऱ्याच्या मालमत्तेवरून मिळणारं मतसुद्धा, तिथे छापलेल्या आहेत. मग घटनेचं कलम ३२६ वाचा: तिथे मालमत्तेची अट नाही, वयाची आहे, तेव्हा २१ वर्षं.