गुरांचे डोळे येणे (पिंकआय)

गाय, बैल, वासरू यांच्या डोळ्याचा हा साथीचा आजार. सुरुवातीला एका डोळ्यातून सारखं पाणी गळतं, जनावर उन्हात डोळा मिटून उभं राहतं, मग बुबुळावर मधोमध पांढुरका ठिपका येतो आणि गावात म्हणतात फूल पडलं. जिवाला धोका नसतो पण चरणं कमी होतं, दूध घटतं, आणि जखम खोल गेली तर डोळा फुटतो. वासरांना जास्त होतो. लक्षणं मराठवाड्यातल्या कुठल्याही पशुपालकाला सांगायची गरज नाही, घोळ आहे तो कारणाचा.

अमेरिकेत नेब्रास्कात १८८९ च्या सुमाराला या आजाराचं वर्णन झालं असं बहुतेक ग्रंथ धरतात. मोराक्सेला बोव्हिस हा जीवाणू त्याच्याशी जोडला गेला तो १९२० च्या दशकात. या जीवाणूला बारीक केसासारखे तंतू असतात, त्यांनी तो बुबुळाच्या वरच्या पापुद्र्याला चिकटतो, आणि त्याचं विष तिथल्या पेशी फोडतं. तंतू किंवा विष यांपैकी एक जरी नसेल तर त्याच जीवाणूने आजार सहसा होत नाही. पण निरोगी डोळ्यातही हा जीवाणू सापडतो, म्हणून मग दुसरं काहीतरी लागतं असं मत पुढं आलं. १९६० च्या दशकात प्रयोगांत दिसलं की उन्हातली अतिनील किरणं आणि जीवाणू एकत्र आले की आजार जोरात होतो. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वासरांवरून मोराक्सेला बोव्होक्युली हा वेगळा जीवाणू नोंदला गेला, साथीत तो खूप ठिकाणी मिळतो, पण प्रयोगात नुसत्या त्याच्याने बुबुळावर जखम झालेली नाही, त्यामुळं मूळ दोष बोव्हिसचाच आणि बाकीचे हातभार लावणारे, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. पाश्चात्त्य पुस्तकात यात फेस फ्लाय नावाच्या माशीला फार महत्त्व आहे, मराठवाड्यासाठी ते जसंच्या तसं घेऊ नये. इथं गोठ्यातल्या, उकिरड्यावरच्या माशा, मे महिन्याचं ऊन, आणि कडबा-भुसकटाची धूळ यांचा विचार आधी करावा. पांढऱ्या पापणीच्या विदेशी जनावरांना आजार जास्त होतो, गडद पापणीच्या देशी गुरांना त्यामानाने कमी, म्हणून देवणी आणि लाल कंधारी या देशी जातींच्या शेजारी एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीची संकरित गाय) बांधलेली असेल तर तिच्या डोळ्याकडं आधी बघावं.

डोळ्यातून पाणी आलं म्हणजे पिंकआयच असं नाही, आणि उपचार चुकतो तो इथंच. थेलाझिया नावाचा पांढरा बारीक जंत पापणीच्या आत वळवळतो, तोही माशीच पसरवते, त्याला अँटिबायोटिकने काही होत नाही, तो डोळा बधिर करून चिमट्याने काढावा लागतो किंवा जंताचं औषध द्यावं लागतं. कुसळ अडकलेलं असू शकतं. आयबीआर या विषाणूच्या आजारात डोळा लाल होतो, पण ताप, नाकातून स्राव असतो आणि बुबुळाच्या मध्यावर जखम सहसा नसते. म्हणून पापणी उलटून बघणं आणि फ्लोरेसीन नावाच्या रंगाचा थेंब टाकून जखम तपासणं हे औषधाच्या आधी.

औषधात लाँग ॲक्टिंग (अंगात जास्त वेळ टिकणाऱ्या) ऑक्सिटेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन सर्वात जास्त वापरलं जातं, जनावराच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम, गरज पडल्यास ७२ तासांनी परत. पेनिसिलिन डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली टोचतात, डोळ्यात घालायची मलमं आहेत पण ती दिवसातून अनेकदा घालावी लागतात आणि शेतीच्या कामात ते होत नाही. दुभत्या जनावराला इंजेक्शन दिलं तर बाटलीवर लिहिलेले दिवस दूध डेअरीला घालू नये. स्टेरॉइड असलेलं मलम जखमेच्या डोळ्यात कदापि घालू नये, लाली लगेच उतरते म्हणून लोक मेडिकलवरून आणतात आणि आत जखम वाढत जाऊन डोळा फुटतो. मिठाच्या पाण्याची चूळ मारणं, तंबाखूची पिंक टाकणं अजून चालतं, ते आधीच फाटलेल्या पापुद्र्यावर आग ओतणं आहे आणि जनावराला किती वेदना होत असतील ते त्याच्या मिटलेल्या डोळ्यावरून कळतं. आजारी जनावर सावलीत वेगळं बांधावं, जाड सुती कापडाची पट्टी चिकटवून डोळा झाकावा, खालची कड उघडी ठेवावी म्हणजे पाणी निघून जातं. पशुवैद्यक जवळ नसेल तर १९६२ वर फोन करून फिरतं पथक मागवता येतं. फूल हळूहळू विरतं, काही आठवडे जातात, थोडा डाग राहिला तरी बऱ्याचदा दिसतं.

बरं झालेलं जनावरही जीवाणू डोळ्यात, नाकात बाळगून असतं, म्हणून बाजारातून आणलेलं जनावर काही दिवस वेगळं ठेवावं, माशांचा बंदोबस्त करावा, शेण गोठ्यालगत साचू देऊ नये. लस काही देशांत आहे, पण जीवाणूच्या तंतूंचे सात गट असल्यामुळं एका लसीचा दुसऱ्या गटावर फारसा परिणाम होत नाही, आणि आपल्याकडच्या लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. शेळ्या-मेंढ्यांचेही डोळे येतात, पण त्यांचे जंतू बहुतेक वेगळे.