खंडणी कोनाले देली? धर्मशास्त्रातल्या डॉक्टरेटची थोडी पार्श्वभूमी

कापसाचा दुसरा वेचा चालू होता तेव्हाची गोष्ट. रविवारची उपासना संपली, लोक बाहेर कडुलिंबाखाली बोलत उभे होते, आणि एका म्हाताऱ्या आत्यानं माझा हात धरला. त्या दिवशी बाबांनी, ते पाळक आहेत, बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय घेतला होता, त्यात सातव्या ओवीत "खंडणी भरून मिळवलेली मुक्ती" असं येतं. आत्या म्हणे, "तू एवढं शिकून राहिला नं, मंग मले एक सांग, येशूनं खंडणी भरली म्हनता, तं ते देली कोनाले?"

मला पटकन काही सुचलं नाही. म्हणजे उत्तरं माहिती होती, एक नाही चार माहिती होती, पण तिला उभ्या उभ्या सांगता येईल असं एकही नव्हतं. मी एम.टीएच. (धर्मशास्त्रातली मास्टर्स) केलंय, आता डी.टीएच.साठी (धर्मशास्त्रातली डॉक्टरेट) प्रपोजल लिहितोय, आणि गावात दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतंच की पाळकाच्या पोरानं पाळक व्हायचं सोडून हे डॉक्टर व्हायचं काय काढलं. दवाखाना टाकणार का असंही विचारतात, आणि ते खरंच मनापासून विचारतात, कारण आपल्याकडे डॉक्टर म्हटलं की सुई आणि गोळ्या. म्हणून ही पदवी आली कुठून ते एकदा नीट लिहावं म्हटलं.

डॉक्टर हा शब्द मुळात दवाखान्यातला नाहीच. लॅटिनमध्ये 'दोचेरे' म्हणजे शिकवणं, त्यावरून डॉक्टर म्हणजे शिकवणारा. मध्ययुगात पॅरिसच्या विद्यापीठात धर्मशास्त्र हा सगळ्यात वरचा विषय होता, आधी बरीच वर्षं बाकीचं शिकायचं, मग बायबलवर व्याख्यानं द्यायची, वादसभेत उभं राहून प्रश्नांना तोंड द्यायचं, आणि मग कुठं शिकवायचा परवाना मिळायचा. थॉमस अक्वायनस हा मोठा धर्मशास्त्रज्ञ १२५६ साली तिथं धर्मशास्त्राचा मास्टर झाला, तेव्हा मास्टर आणि डॉक्टर यात फारसा फरक नव्हता. प्रबंध वगैरे भानगड तेव्हा नव्हतीच, सगळं तोंडी.

मार्टिन ल्यूथर तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण तो डॉक्टर होता हे आपण विसरतो. १५१२ च्या ऑक्टोबरमध्ये विटेनबर्गला त्याला धर्मशास्त्राची डॉक्टरेट मिळाली आणि बायबल शिकवायचं काम त्याच्या अंगावर पडलं, पुढं १५१७ चं प्रकरण झालं, म्हणजे पापक्षमेची पत्रं विकण्याविरुद्ध त्यानं मांडलेले ९५ मुद्दे, पोपशी भांडण झालं, तेव्हा तो पुन्हा पुन्हा हेच म्हणायचा की मी स्वतःहून उठलो नाही, मला डॉक्टर केलंय, शास्त्र खरं शिकवायची शपथ घ्यायला लावलीय, आता गप्प कसा बसू. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. त्याच्यासाठी ती पदवी नावाआधी लावायची वस्तू नव्हती, ते अंगावर घेतलेलं ओझं होतं.

आज आपण पीएच.डी. म्हणतो ती, म्हणजे नवीन संशोधन, प्रबंध, तळटिपा, ती पद्धत जर्मनीतली. १८१० मध्ये बर्लिनचं विद्यापीठ सुरू झालं तेव्हा धर्मशास्त्राला तिथं जागा हवी की नको असाच वाद होता, आणि श्लायरमाखर नावाच्या धर्मशास्त्रज्ञानं ती जागा राखली. त्यामुळेच आजही डॉक्टरेट करणाऱ्याला हिब्रू-ग्रीकसोबत बरेचदा जर्मन वाचता यावं अशी अपेक्षा असते.

आता भारतात. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली ती लंडनच्या धर्तीवर, आणि त्यात ख्रिस्ती धर्मशास्त्राचा विभागच नव्हता. सरकार इंग्रजांचं असूनही नव्हता, हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. मग पदवी द्यायची कुणी? इथं बंगालमधलं सेरामपूर येतं. विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये तिथं कॉलेज काढलं, ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं त्या कॉलेजला पदव्या द्यायची सनद दिली. पुढं १८४५ मध्ये गाव इंग्रजांना विकलं तरी करारात हा हक्क शाबूत राहिला. पण वापर झाला खूप उशिरा, पहिल्या बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पदव्या १९१५ मध्ये, आणि १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळानं सेरामपूर कॉलेज कायदा केला. आज देशभरातल्या कितीतरी सेमिनऱ्या, म्हणजे पाळक घडवणारी कॉलेजं, याच सेरामपूरच्या सिनेटला जोडलेल्या आहेत, माझं बी.डी. आणि एम.टीएच.ही त्यांचंच.

कॅरीचं मराठीशी नातं आहे ते वेगळं सांगायला पाहिजे. हा माणूस आधी चांभारकाम करणारा, कॉलेजची पायरी चढला नव्हता, पण वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये कोश, आणि १८११ मध्ये मराठी नवा करार, तोही मोडी अक्षरात. मधे १८०७ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठानं त्याला मानाची डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी दिली. म्हणजे काम आधी, पदवी नंतर.

पंडिता रमाबाईंना तर तीही लागली नाही. त्यांनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, का, तर मुक्ती मिशन या त्यांच्या संस्थेतल्या बायकांना वाचता यावं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून पूर्ण झालं. माझ्या मते मराठीतलं सगळ्यात मोठं धर्मशास्त्राचं काम हेच, आणि त्याच्यावर आपल्या पोरांनी अजून खूप लिहायला पाहिजे.

आता विदर्भाबद्दल, कारण लोकांना वाटतं हे सगळं पुण्या-बंगलोरचं. नागपुरात स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ मध्ये आले, त्यांच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. सेमिनरी हिल्सवर आपण फिरायला जातो, पण ते नाव तिथल्या कॅथलिक सेमिनरीवरून पडलंय हे किती जणांच्या लक्षात येतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे उत्तर भारतातल्या बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांनी एकत्र येऊन केलेलं चर्च, २९ नोव्हेंबर १९७० ला स्थापन झालं तेही नागपुरातच. आणि यवतमाळ! १९५३ मध्ये बऱ्याच मिशनांनी मिळून यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी काढली, केरळपासून ईशान्येपर्यंतची पोरं आपल्या या कापसाच्या गावात येऊन ग्रीक शिकायची. प्रिन्स्टनहून डॉक्टरेट केलेले सफीर अत्याल तिथं प्रिन्सिपल होते. तीस वर्षं ही सेमिनरी यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्याला बिबवेवाडीला गेली.

बाबा तिथल्या शेवटच्या काही बॅचेसपैकी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेले आणि इथं सगळं इंग्रजीतून. त्यांची ग्रीकची वही अजून आमच्या लोखंडी पेटीत आहे, दोनशे पानी, कव्हर गेलेलं, डावीकडे ग्रीक शब्द, मधे इंग्रजी, आणि उजवीकडे पेन्सिलनं मराठी, काही ठिकाणी तर वऱ्हाडी. 'लुट्रॉन' या शब्दासमोर त्यांनी खंडणी लिहिलंय, मग खोडलंय, मग सोडवणूक लिहिलंय, आणि खाली बारीक अक्षरात "गहाण सोडवणे?" असं प्रश्नचिन्हासकट. लहानपणी ती वही मी कितीतरी वेळा पाहिली, पण ते प्रश्नचिन्ह दिसलं एम.टीएच. झाल्यावर.

कारण आत्याचा प्रश्न आहे तो जवळजवळ अठराशे वर्षांपासून चालू आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाचा धर्मशास्त्रज्ञ म्हणाला की किंमत सैतानाला दिली, माणूस त्याच्या कैदेत होता ना. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरी या बिशपला हे अजिबात पटलं नाही, दरोडेखोराला एवढी मोठी किंमत द्यायची? आणि बापाला दिली म्हणावं तर बापानं आपल्याला कैदेत ठेवलंच कुठं होतं? १०९८ च्या सुमाराला इंग्लंडमधल्या अन्सेल्म या आर्चबिशपनं सगळी मांडणीच बदलली, सैतान बाजूला, आता विषय देवाच्या मानाचा आणि माणसानं केलेल्या अपमानाच्या भरपाईचा. मग १९८१ मध्ये महाराष्ट्रातले धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ बंगलोरला भाषणात म्हणाले की भारतातलं ख्रिस्ती धर्मशास्त्र वरच्या जातींच्या तत्त्वज्ञानातूनच लिहिलं गेलंय, खालून कुणी लिहिलंच नाही. दलित धर्मशास्त्र तिथून उभं राहिलं. त्यांचं वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की आमच्या मंडळीतले प्रश्नसुद्धा प्रबंधात बसू शकतात.

आता रस्ता कसा आहे तर बी.टीएच. किंवा दुसरी पदवी, मग बी.डी., मग एम.टीएच., मग डी.टीएच., म्हणजे दहा-बारा वर्षं आरामात जातात, आणि नंतर पाळकाचा पगार तोच. घरी हे सगळं बोलून झालंय.

आत्याकडे मी आठवड्यानं गेलो. ओरिजेन, ग्रेगरी जमेल तसं सांगितलं. ती कापूस निसत ऐकत होती. मग म्हणे, "आमचं दोन एकर सावकाराकडं गहान होतं, तुह्या मामानं पैसे भरले तवा सुटलं. पन सावकाराचा काय हक्क होता त्याच्यावर? वावर तं आमचंच होतं."

प्रपोजलच्या पहिल्या पानावर हे वाक्य मी वऱ्हाडीतच टाकलंय, इंग्रजी अर्थ खाली तळटिपेत.