समान वेतन कायदा (भारत)

एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी स्त्री-पुरुषांना सारखेच वेतन देण्याचे बंधन मालकावर घालणारा संसदेचा १९७६ चा कायदा. हे तत्त्व राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये पहिल्यापासून आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्याच्या आधारे थेट कोर्टात जाता येत नव्हते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या समान मोबदल्याच्या १९५१ च्या कराराला भारताने १९५८ मध्ये मान्यता दिली. त्यानंतरही कायद्याला सतरा वर्षे वाट पाहावी लागली. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात सप्टेंबरमध्ये वटहुकूम निघाला आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याचे कायद्यात रूपांतर झाले.

बाईचे वेतन वाढवायचे नाही म्हणून पुरुषाचे कमी करायचे, ही पळवाट कायद्याने सुरुवातीलाच बंद केली. दोन दर असतील तर वरचाच दर दोघांना लागू होई. नोकरभरतीत भेदभाव करण्यास मनाई होतीच. १९८७ च्या दुरुस्तीने बढती, प्रशिक्षण आणि बदली यांनाही ती लागू झाली.

कायद्याचा कस लागला तो मुंबईत. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या लघुलेखक स्त्रियाच असत आणि त्यांची वेतनश्रेणी पुरुष लघुलेखकांपेक्षा खालची होती. तिथल्या लघुलेखक ऑड्री डिकॉस्टा यांनी जून १९७७ मध्ये नोकरीवरून काढले गेल्यावर फरकाच्या रकमेसाठी दावा केला. युनियनशी करार झालेला आहे, हे काम वेगळे आहे, कंपनीची स्थिती बिकट आहे, असे बचाव मांडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९८७ मध्ये ते सगळे फेटाळले. पैसे नाहीत म्हणून समान वेतन टाळता येत नाही, हे तेव्हा पक्के झाले. रक्कम होती सुमारे ७,२०० रुपये आणि ती मिळवायला जवळपास दहा वर्षे गेली. दाद मागणाऱ्या बाईला केवढा धीर लागतो, ते यावरून कळते. त्याआधी १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या पदरी मात्र निराशा आली होती. त्यांच्या सेवाशर्तींतला फरक लिंगामुळे नाही, असे केंद्र सरकारने याच कायद्याखाली जाहीर केले होते आणि न्यायालयाने ते ग्राह्य धरले.

स्त्री आणि पुरुष शेजारी बसून एकच काम करतात, तिथे हा कायदा चालला. शेतात तसे घडत नाही. खुरपणी आणि कापूस वेचणी बायकांची, कुळवाची पाळी घालणे आणि फवारणी पुरुषांची. कामेच वेगळी म्हणून रोजही वेगळा. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने ही कोंडी दुसऱ्या वाटेने फोडली. १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेल्या आणि १९७९ पासून कायद्याचे बळ मिळालेल्या या योजनेत मजुरी खोदलेल्या मातीच्या आणि फोडलेल्या खडीच्या मापावर ठरे. बाईमाणूस म्हणून वेगळा दर नव्हता. शेतावर कमी रोज घेणाऱ्या बायका या कामांवर मोठ्या संख्येने आल्या. या विषयातला सर्वांत परिणामकारक सरकारी प्रयत्न हाच म्हणावा लागेल.

प्रसूती रजा २०१७ मध्ये १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. ही सुधारणा मोठीच, पण रजेच्या पगाराचा भार एकट्या मालकावर राहिल्याने बाईला कामावर घेताना हात आखडता घेण्याचे कारणही तयार झाले.

१९७६ चा कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये विलीन झाला आहे. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्या तिसऱ्या कलमात स्त्री-पुरुष तुलनेऐवजी 'लिंगाच्या आधारे भेदभाव नाही' अशी व्यापक भाषा असल्याने तृतीयपंथी कामगारही तिच्या कक्षेत येतात.

तरीही मजुरीची एक रीत तुलनेच्या पलीकडेच राहते. बीडकडून ऊसतोडीला जाणारे जोडपे म्हणजे 'एक कोयता'. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. सहसा नवरा ऊस तोडतो. बायको पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मजुरी टनावर ठरते आणि मुकादमाकडून मिळणारी उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. तिच्या श्रमाचा आकडा वेगळा कुठे लिहिलाच जात नाही, त्यामुळे तो कोणाच्या मजुरीशी ताडून पाहायचा, हा प्रश्न संहितेनंतरही तसाच आहे.