उजनीच्या पाण्यासाठी वॉटर स्कूटर कोणती?

उजनी धरणावर जलपर्यटनाचा विषय निघाला की वॉटर स्कूटरच्या हॉर्सपॉवरवर चर्चा रंगते. माझ्या मते आधी बघायचं ते वेगळंच. हे यंत्र पाणी कुठून ओढतं आणि त्या पाण्याबरोबर काय काय आत येतं?

वॉटर स्कूटरला बाहेर पंखा नसतो. तळाच्या जाळीतून आलेलं पाणी इम्पेलर, म्हणजे पंपातला फिरता पंखा, मागच्या तोंडातून जोरात फेकतो आणि त्या प्रतिक्रियेने गाडी पुढे जाते. इम्पेलर आणि त्याभोवतीची वेअर रिंग यांच्यात एक मिलिमीटरचीही फट नसते. एखादा खडा आत गेला आणि रिंगवर चरा पडला, की इंजिनचे फेरे वाढतात, आवाज चढतो, पण वेग काही वाढत नाही.

उजनीची क्षमता ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणून धरण ‘मायनस’मध्ये गेलं तरी पाणी दिसतं. पण काठ मागे सरकलेला असतो, कडेला उथळ गाळ आणि वर जलपर्णी. गाडीच्या तळाखाली निदान ९० सेंटिमीटर पाणी हवं. त्याहून कमी पाण्यात इंजिन सुरू केलं, तर पंप तळाची रेती उचलतो.

इंजिन थंड कसं होतं, हेही इथे महत्त्वाचं. यामाहा आणि कावासाकीच्या गाड्यांत पंपच धरणाचं पाणी इंजिनात फिरवतो. विहिरीच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह शेवाळाने तुंबावा तशी जाळी तुंबली, की जोर जातो आणि इंजिनही तापू लागतं. सी-डू या ब्रँडच्या इंजिनात बंद नळ्यांतून कूलंट (थंड करणारा द्रव) फिरतं, त्यामुळे गाळ इंजिनात शिरत नाही. एक्झॉस्टला मात्र तिथेही बाहेरचंच पाणी लागतं. सुपरचार्जर (ताकद वाढवायला इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) असला की उष्णता वाढते आणि देखभालही. रोज भाड्याने चालणाऱ्या गाडीला तो नकोच.

वजनाचं गणित सरळ नाही. सी-डू स्पार्क दोनशे किलोंच्या आसपास. कमी ताकदीतही चपळ, काठावर ओढायला सोपी, पण वाऱ्याने लाटा उठल्या की आदळते. साडेतीनशे किलोंपुढची गाडी लाट कापत जाते, गाळात रुतली तर दोघांनाही हलत नाही. मे २०२४ मध्ये उजनीतच कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जण गेले. त्या पाण्यावर जाताना मी वजनदार गाडी आणि लाइफ जॅकेट दोन्ही मागेन.

वळण्याची एक गोष्ट नवख्याला आधी शिकवावी. गाडी वळते ती मागच्या फवाऱ्याची दिशा बदलून. समोर अडथळा दिसला की माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो, फवारा थांबतो आणि हँडल फिरवूनही गाडी सरळच जाते. सी-डूने २००९ मध्ये आणि यामाहाने २०१५ च्या मॉडेलांत फवारा पुढे वळवून वेग कमी करायची सोय आणली. भाड्याच्या गाडीला ती असावीच.

जाळीत जलपर्णी अडकली तर इंजिन बंद करून सेफ्टी दोरी (चालकाला बांधलेली, सुटली की इंजिन बंद करणारी) काढून घ्या, मगच तळाशी हात घाला.