खालिद जमील: कूपरेजपासून भारतीय संघापर्यंत

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी खालिद जमील यांची निवड केली. शर्यतीत संघाचे माजी प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन होते, स्लोव्हाकियाचे श्टेफान टार्कोविच होते. गोव्याचे सावियो मेदेरा २०१२ मध्ये बाजूला झाल्यापासून ही खुर्ची डच, इंग्लिश, क्रोएशियन, स्पॅनिश अशा प्रशिक्षकांकडे फिरत होती. तेरा वर्षांनी ती पुन्हा एका भारतीयाला पूर्णवेळ मिळाली.

त्या दिवशी जवळपास प्रत्येक बातमीत ऐझॉलचा, म्हणजे मिझोरमच्या छोट्या क्लबला त्यांनी मिळवून दिलेल्या लीग विजेतेपदाचा, उल्लेख होता, आणि तो योग्यच. पण जमील यांचं फुटबॉल समजून घ्यायचं तर सुरुवात मुंबईपासून करावी लागते.

जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आखाती युद्धाच्या धामधुमीत कुटुंब मुंबईला आलं. त्या काळी मुंबईचं फुटबॉल चालायचं ते कंपन्यांच्या संघांवर. महिंद्रा, एअर इंडिया, ओएनजीसी अशी नावं असायची आणि खेळाडूला नोकरीचा आधार असायचा. जमील मधल्या फळीत खेळायचे. आधी महिंद्रा, मग एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा युनायटेड. भारताकडूनही खेळले. कोलकात्याच्या मोठ्या क्लबांच्या जर्सीवर तेव्हा मद्यकंपन्यांची नावं होती, म्हणून त्यांनी तिकडे जायला नकार दिला, असं तेव्हापासून सांगितलं जातं. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या हाताखाली महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली, त्या संघात ते होते. पुढे दुखापतींनी घेरलं. २००७ मध्ये ते नव्यानेच सुरू झालेल्या 'मुंबई एफसी' या क्लबात आले आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिशीत, बूट काढून त्याच संघाचे प्रशिक्षक झाले.

तिथली सात वर्षं हीच त्यांची खरी शाळा. मुंबई एफसीकडे पैसा बेताचा आणि प्रेक्षक त्याहून बेताचे. मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम निघालं तेव्हा 'घरचे' सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. अशा संघाचा हिशेब सरळ असतो: बाहेरच्या मैदानावर एक गुण मिळाला तरी तो कमावलेला, आणि घरी एका गोलची आघाडी मिळाली की ती शेवटच्या शिट्टीपर्यंत राखायची. मागे दाटीवाटीने बचाव, चेंडू हिसकावला की थेट पुढे, कॉर्नर आणि लांब थ्रोवर जीव तोडून मेहनत. देखणं नव्हतं, हे मान्य. पण सातही हंगामांत जमील यांनी हा संघ खालच्या श्रेणीत घसरू दिला नाही. २०१६ मध्ये क्लबने त्यांना काढलं. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली, घसरली आणि लवकरच बंदही पडली. महिंद्रा युनायटेड तर २०१० मध्येच विसर्जित झाली होती आणि एअर इंडियाला परवान्याच्या अटींमुळे २०१३ मध्ये आयलीग या देशाच्या तेव्हाच्या अव्वल लीगबाहेर जावं लागलं होतं. जमील ज्या मुंबईत घडले, ती मुंबई फुटबॉलच्या नकाशावरून अशी एकेक करून पुसली गेली. मुंबईकर फुटबॉलवेड्यांना याचं दुःख व्हायलाच हवं.

त्याच २०१६-१७ च्या हंगामात जमील मिझोरममध्ये होते. ऐझॉल एफसी आदल्या वर्षी घसरलेला संघ. गोव्याच्या क्लबांनी आयलीगमधून माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली. जमील यांनी मुंबई एफसीतले जयेश राणे आणि आशुतोष मेहता सोबत नेले. गोलपोस्टमध्ये गोव्याचा आल्बिनो गोम्स, मधे सीरियाचा महमूद अल आमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारियान, भोवती स्थानिक मिझो पोरं. २२ एप्रिलला ऐझॉलमध्ये मोहन बागानविरुद्ध ८३ व्या मिनिटापर्यंत गोलफलक कोरा होता. मग झोमिंगलियाना राल्टे या बचावपटूने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला, १-०. शेवटच्या दिवशी, ३० एप्रिलला, शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध एक गुण पुरेसा होता. नवव्याच मिनिटाला डिपांडा डिकाने गोल करून ऐझॉलला मागे टाकलं. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि उरलेला वेळ संघाने ती जपली. कोलकात्यात बागानने आपला सामना जिंकला, तरी १८ सामन्यांअखेर ऐझॉलचे ३७ आणि बागानचे ३६ गुण. ईशान्य भारतात पहिल्यांदाच देशाचं लीग विजेतेपद गेलं. शिलाँगमधली ती बरोबरी मुंबईतल्या सात वर्षांची कमाई होती, असं मला ठामपणे वाटतं.

एवढं करूनही आयएसएलचं, म्हणजे फ्रँचायझी संघांच्या इंडियन सुपर लीगचं, दार उघडलं नाही. तिथे मुख्य प्रशिक्षक परदेशीच, असा जणू अलिखित नियम होता. जमील ईस्ट बंगालला गेले, मग मोहन बागानला. दोन्हीकडे मुक्काम थोडाच राहिला. नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना सहायक म्हणून घेतलं. जानेवारी २०२१ मध्ये जेरार्ड नुस यांना हटवल्यावर संघ हंगामी म्हणून त्यांच्या हाती आला, तेव्हा साखळीतले उरलेले नऊही सामने न हरता त्यांनी तो उपांत्य फेरीत नेला. भारतीय प्रशिक्षकाने आयएसएलमध्ये हे पहिल्यांदाच केलं होतं. मग कुठे त्यांना कायम करण्यात आलं. पुढचा हंगाम मात्र फसला आणि ती जागाही गेली. ते खालच्या श्रेणीतल्या बंगळुरू युनायटेडकडे गेले, डिसेंबर २०२३ मध्ये जमशेदपूरला आले. २०२४-२५ मध्ये जमशेदपूर उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात पोचलं. सलग दोन वर्षं महासंघाचा सर्वोत्तम प्रशिक्षक पुरस्कार त्यांनाच मिळाला.

भारतीय संघाची सुरुवातही त्याच धाटणीची झाली. मध्य आशियाई देशांच्या काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं. दोन्ही गोल बचावपटूंचे, अन्वर अली आणि संदेश झिंगन यांचे, आणि गोलरक्षक गुरप्रीतने पेनल्टी अडवली. तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानला पेनल्टींवर नमवलं. ऑक्टोबरमध्ये आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत सिंगापूरला झिंगन लाल कार्डामुळे बाहेर गेल्यावर दहा जणांनिशी १-१ बरोबरी झाली. पण १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्यावर छांगटेने आघाडी मिळवून देऊनही भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१ हार पत्करावी लागली.

या हाराकिरीचा जाब त्यांना विचारला जाणारच. मात्र त्या काळात महासंघ आणि आयएसएलचे आयोजक यांच्यातल्या कराराच्या वादामुळे लीगच सुरू झाली नव्हती, काफा स्पर्धेसाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नव्हते. आघाडी राखणं हीच ज्याची विद्या, त्याच्या हातून मडगावला आघाडी निसटली, याचं उत्तर शोधताना सराव बुडालेल्या संघाकडेही पाहावं लागेल.