आधी सॉफ्टवेअर ठरवा, मग चिप घ्या

खानापूरचा माझा भाचा डिप्लोमाला आहे, त्याला या पावसाळ्यात एका बोर्डावर मावणारा जुन्या पद्धतीचा कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं बनवायचाय. बेळगावात घरी आल्या आल्या पहिला प्रश्न, "मामा, झेड-८० घेऊ की ६५०२?" हे दोन्ही जुने प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिप. मी म्हटलं ते नंतर, आधी त्याच्यावर काय चालवणार ते सांग की.

कारण मेमरीच्या कुठल्या पत्त्यावर रॉम (वीज गेली तरी टिकणारी) आणि कुठं रॅम (वीज असेपर्यंतचीच, लिहून-पुसून वापरायची) हे शेवटी सॉफ्टवेअरच ठरवतं. ६५०२ आला १९७५ ला, झेड-८० १९७६ ला, दोघांनाही अ‍ॅड्रेस लाइन (पत्ता सांगणाऱ्या तारा) १६च, म्हणजे एका वेळी ६४ केबी मेमरी दिसते. झेड-८० रिसेट झाला की शून्य पत्त्यापासून वाचायला लागतो म्हणून रॉम तळाला, ६५०२ चं बरोबर उलटं, त्याला रॉम वरच्या टोकाला लागते आणि खाली रॅम. नुसती बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा चालवायची तर झेड-८० ला खाली ३२ केबी रॉम, वर ३२ केबी रॅम, दोघांतली निवड करायला ए१५ ही सगळ्यात वरची पत्त्याची लाइन आणि एक इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारी छोटी चिप), झालं. पण गॅरी किल्डॉलची सीपी/एम ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम हवी असेल तर गाडी तिथंच अडते, तिचे प्रोग्राम १०० हेक्स (म्हणजे २५६) पत्त्यापासून चढतात म्हणजे तळाला रॅम पाहिजे आणि तिथं तर रॉम बसलेली! मग चालू झाल्यावर रॉम बाजूला सारायला एक फ्लिप-फ्लॉप (चालू की बंद एवढंच लक्षात ठेवणारी चिप) जास्तीचा लागतो. हे बोर्ड सोल्डर झाल्यावर कळलं की फार त्रास होतो.

भाच्याला सीपी/एमच हवी, म्हणून झेड-८०. तो बनवणाऱ्या झायलॉगनं २०२४ मध्ये जुन्या ४० पायांच्या झेड-८० च्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या, त्यामुळं आता जुना स्टॉक शोधायचा, त्यात घासून नवा नंबर छापलेला मालही येतो, सीमॉस (कमी वीज खाणारा) झेड८४सी०० च बघून घ्या. रॉमला २८सी२५६, ती विजेवरच पुसते, जुन्या रॉमसारखा पुसायला यूव्ही दिवा नको. क्रिस्टल ७.३७२८ मेगाहर्ट्झचं, ६४ नं भागलं की सिरियल पोर्टला सेकंदाला नेमके ११५२०० बिट मिळतात.

रॉम लावायच्या आधी एक चाचणी करायचीच. डेटाच्या आठही लाइन रेझिस्टरनं ग्राउंडला बांधायच्या. झेड-८० ला ०० म्हणजे 'काही करू नको', तो बिचारा तेच वाचत पत्ते मोजत पुढं जातो, आणि १ मेगाहर्ट्झ क्लॉकवर ए१५ चा एलईडी सेकंदाला साधारण चारदा लुकलुकतो. आमचा लुकलुकेना. हात जवळ नेला की चालू, काढला की बंद. तासभर शोधलं तर बसरिक्वेस्ट (बस, म्हणजे पत्ता-डेटाच्या तारा, मागायची) पिन मोकळीच सुटलेली, हवेतला सिग्नल पकडून प्रोसेसर मध्येच बस सोडून देत होता. १० के रेझिस्टरनं ती ५ व्होल्टला बांधली, सोबत वेट, इंट आणि एनएमआय या इनपुट पिन पण.

"मामा, पेटूलाय की!"

बाहेर धो धो पाऊस, खानापूरची शेवटची बस चुकली ती चुकलीच, रात्री जेवण झाल्यावर आम्ही फ्लिप-फ्लॉपचं वायरिंग काढायला बसलो.