पाच दुव्यांची खोबण

गेल्या महिन्यात प्रतापनगरला मामींकडे एका स्थळाची चर्चा चालली होती. मुलगी शिकलेली, पत्रिका जुळलेली. अडलं ते इथं: "आईला आमवात आहे, बोटं वाकडी झालीत. उद्या पोरीलाही होईल." आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो आजार.

मामींची भीती समजते. आपल्या विदर्भात आनुवंशिक आजार म्हटलं की सिकलसेल हा रक्ताचा आजारच आठवतो. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढ्यानं खेळ फिरतो. आईवडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला चारात एक धोका. आमवाताचं गणित असं नाही. हुबेहूब जुळ्यांत एकाला आमवात असला, तरी दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण १५ टक्केच. जनुकं तीच असूनही! आमवाताशी नातं असलेल्या शंभरावर जागा जनुकसंचात सापडल्यात, पण बहुतेकींचा वाटा चिमूटभर. एकीचा मात्र मोठा आहे, आणि खरं सांगायचं तर मी लिहायला बसलो ते तिच्यासाठीच.

सहाव्या गुणसूत्रावर एचएलए-डीआरबी१ हे जनुक आहे. त्याचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर उभं राहून इतर प्रथिनांचे तुकडे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना दाखवतं: ओळख, हा आपला की परका? तुकडा बसतो एका खाचेत, आणि खाचेत बारीक खोबणी असतात. या जनुकाचे कितीतरी प्रकार आहेत. १९८७ साली ग्रेगरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की आमवाताशी जोडलेल्या वेगवेगळ्या प्रकारांत ७० ते ७४ या पाच जागांवरची अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचे दुवे, जवळजवळ सारखीच आहेत. त्यात ७१व्या जागी लायसिन किंवा आर्जिनिन. दोन्हींवर धन विद्युतभार, म्हणजे खोबणीची भिंतच धन. आता तुकड्यातलं आर्जिनिन तिथं बसायला आलं तर? तेही धनच, त्यामुळं ते ढकललं जातं.

पण सूज आलेल्या ऊतींमध्ये पॅड नावाची विकरं (एन्झाइम) आर्जिनिनचं सिट्रुलिन करतात. भार गेला. तोच तुकडा आता खोबणीत गपकन बसतो, टी-पेशीला तो अनोळखी वाटतो, ती बी-पेशींना चिथावते आणि सिट्रुलिन असलेल्या आपल्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होतात. अँटी-सीसीपी या रक्ततपासणीत हीच मोजतात; मधला 'सी' सिट्रुलिनचा. सांधा दुखू लागण्याच्या कित्येक वर्षं आधीही ती रक्तात सापडू शकतात.

सिट्रुलिन हे नाव टरबुजाच्या शास्त्रीय नावावरून, सिट्रुलसवरून आलंय. म्हणून टरबूज टाळू नका. खाल्लेलं सिट्रुलिन प्रथिनात जाऊन बसत नाही, कारण जनुकांच्या लिपीत त्याला अक्षरच नाही; प्रथिनात ते फक्त जागच्या जागी, आर्जिनिनपासूनच बनतं. 'आंबटानं सांधे धरतात' म्हणत नागपुरात राहून संत्री सोडणारे मला भेटलेत. तांब्याचं कडं घालणारे तर गल्लोगल्ली.

मग ठिणगी कुठून? सिगारेटच्या धुरानं फुप्फुसात सिट्रुलिन असलेली प्रथिनं वाढतात. स्वीडनमधल्या एका अभ्यासात, जनुकाच्या दोन्ही प्रतींत ही खोबण असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांना सिट्रुलिनविरोधी प्रतिपिंडं असलेल्या आमवाताचा धोका २१ पट दिसला. तुलना होती खोबणही नाही आणि धूम्रपानही नाही अशांशी. हा पुरावा धुराचा आहे. म्हणून खर्रावाल्यांनी खूश होऊ नये, त्यांचा हिशेब तोंडाच्या कॅन्सरच्या खात्यात आहे.

औषधांतही जनुकं डोकावतात, पण जाहिरातवाले भासवतात तितकी नाहीत. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध कुणाला लागू पडेल, हे आधीच खात्रीनं सांगणारी जनुक तपासणी आज नाही. सल्फासॅलाझिन या आमवातावरच्याच दुसऱ्या गोळीचं वेगळं. जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्या गोळीनं फुटू शकतात, आणि सिकलसेलच्या पट्ट्यात ही कमतरताही आढळते. अॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायचं असेल तर एनयूडीटी१५ जनुकाचा प्रकार पाहावा. आशियाई लोकांत तो महत्त्वाचा ठरतो, चुकीच्या प्रकाराला नेहमीचा डोस दिला तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात.

त्या मुलीची आई मेथोट्रेक्सेटच घेते. मामींनी डबी पाहिली होती, वर पेनानं 'मंगळ' लिहिलेलं. त्यांना वाटलं पत्रिकेतला मंगळ, नाहीतर मंगळवारचा उपास. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, वार ठरवून. चुकून रोज घेतली तर अस्थिमज्जा बंद पडून जीव जाऊ शकतो.